भाकरी, तोर्तिया आणि दोन फळ्यांचे यंत्र

ठाण्याच्या भांडीबाजारात लाकडाचे एक साधे यंत्र मिळते. दोन जाड फळ्या, एका बाजूस बिजागरी, दुसऱ्या बाजूस दांडा. पिठाचा गोळा मध्ये ठेवावा, वरची फळी मिटावी, दांडा दाबावा, की पुरी वा पापड तयार. या यंत्राचा एक थोरला भाऊ आता परदेशी गेलेल्या नातलगांच्या सामानातून आपल्या घरांत येऊ लागला आहे. तो आहे मेक्सिकोचा. तेथे त्याच्यावर मक्याची भाकरी दाबतात. त्या भाकरीला स्पॅनिश भाषेत ‘तोर्तिया’ म्हणतात.

बाळकुम, कोलशेत, माजिवडे या गावांत तांदळाची भाकरी हातावर थापणे ही एके काळी नव्या सुनेची परीक्षा असे. तेव्हा या दोन फळ्यांनी घराघरांत लहानसा वाद उभा करावा, यात नवल नाही. आजीचे म्हणणे, थापेचा आवाज नाही ती भाकरी कसली? नातसुनेचे म्हणणे, पहाटे उठून डबा भरायचा, मुलांना शाळेत धाडायचे, मग लोकल गाठायची. थापत कधी बसावे? दोघींचेही खरे आहे. परंतु वाद ऐकताना आम्हांस एक गोष्ट खटकते. दोन्ही पक्ष असे धरून चालतात की आपली भाकरी येथली, पुरातन, आणि ते यंत्र परके. मेक्सिकोच्या भाकरीचा इतिहास पाहिला, तर तिचे आणि आपले नाते वाटते त्याहून जुने आणि जवळचे निघते. आणि हाताची थाप व यंत्राचा दाब यांचा हाच तंटा त्या देशातील बायकांनी आपल्या कितीतरी आधी भांडून घेतलेला दिसतो.

मका ही मूळची मेक्सिकोची वनस्पती. त्या देशाच्या दक्षिण भागातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून माणसाने मका घडविला, असे आज शास्त्रज्ञ मानतात. ‘घडविला’ हाच शब्द योग्य. कारण मक्याचे कणीस आपले दाणे आपण होऊन सांडत नाही, माणसाने सोलून पेरल्याविना त्याचा वंश चालत नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून मोठा शोध पुढचा आहे. मक्याचे पीठ नुसत्या पाण्यात मळले तर ते धड एकत्र येत नाही. थापताना फुटते, कडा चिरतात. मेक्सिकोच्या बायकांनी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी यावर तोड काढली. त्यांनी मक्याचे दाणे चुन्याच्या वा राखेच्या पाण्यात उकळले, रात्रभर तसेच ठेवले, सकाळी चोळून धुतले आणि ओलेच वाटले. चुन्याने दाण्याची साल सुटते, आतील गर चिकट होतो, आणि त्या ओल्या वाटणाचा गोळा हातावर पसरतो. या दाण्यांना तेथील नावात्ल भाषेत ‘निश्तामाल’ असे नाव पडले. त्यात राखेचा शब्द अजून आहे. वाटणाचा दगडी पाटा तो ‘मेताते’, मातीचा तवा तो ‘कोमाल’, आणि भाकरी ती ‘त्लाश्काली’. स्पेनच्या लोकांना हे नाव जिभेवर चढेना, म्हणून त्यांनी आपल्याकडील ‘लहान चपटा केक’ अशा अर्थाचा शब्द तिला लावला. तोर्तिया हे तिचे परक्यांनी ठेवलेले नाव होय.

वाचकांनी आता आपल्या तांदळाच्या भाकरीकडे पाहावे. तांदळाच्या पिठातही गव्हासारखा चिवटपणा नाही. थंड पाण्यात मळले तर तेही फुटते. आपल्या आयाबायांनी काढलेली तोड निराळी: पाणी खळखळून उकळायचे, चिमूटभर मीठ घालायचे, त्यात पीठ सोडून झाकण ठेवायचे आणि वाफ जिरली की ती उकड गरम असतानाच काटवटीत मळायची. उकळत्या पाण्याने पिठातील सत्त्व फुलते आणि गोळा बांधून येतो. एकीकडे चुना, दुसरीकडे वाफ. अडचण मात्र एकच. पुढचा प्रकारही तोच आहे. दोन तळहातांमध्ये गोळा धरून, फिरवीत, टाळी वाजविल्यासारखा थापत जाणे ही मेक्सिकोच्या खेड्यांतील जुनी रीत. आपल्याकडे आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत जिला हातावरची भाकरी म्हणतात तिची रीतही हीच. भाजण्यातही साम्य आहे: पहिली बाजू थोडा वेळ, दुसरी जास्त वेळ, मग पुन्हा उलटली की पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. हजारो कोस अंतरावरच्या, एकमेकींचे नावही न ऐकलेल्या बायकांनी एकच हस्तकला सिद्ध केली होती.

त्या बायकांविषयी आपल्याला जी माहिती मिळते, तिचे बरेचसे श्रेय एका धर्मगुरूंकडे जाते. फ्रान्सिस्कन पंथाचे बेर्नार्दिनो दे साहागुन हे १५२९ साली मेक्सिकोस गेले आणि १५९० मध्ये तेथेच वारले. स्थानिक वृद्ध व जाणकार लोकांना विचारून, त्यांच्याच नावात्ल भाषेत, त्यांनी त्या समाजाचा बारा खंडांचा वृत्तांत सिद्ध केला. देवदेवता, औषधी वनस्पती, राजेरजवाडे यांच्याबरोबरच बाजारात भाकरी विकणारी बाई कोणकोणत्या प्रकारच्या भाकऱ्या विकते, चांगली कोणती, खोटा माल कोणता, हेही त्यात नोंदलेले आहे. आमच्या कोकणातील भाकरीविषयी त्या काळी असे कोणी लिहून ठेवले असते, तर आज किती उपयोग झाला असता!

आता ठाण्याकडे येऊ. या बंदराचे नाव ख्रिस्ती जगाला १३२१ सालापासून माहीत आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात टोलेन्टिनोचे थॉमस, पाद्वाचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे चौघे येथे हुतात्मे झाले. पुढे ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी गोळा करून चीनपर्यंत नेल्या. त्या ठाण्याच्या बाजारात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो, पेरू, सीताफळ, काजू, चिकू, मका यांपैकी काहीही नव्हते. हे सारे अमेरिका खंडातून आले आणि त्यासाठी आणखी पावणेदोनशे वर्षे लोटावी लागली. १५३४ सालच्या डिसेंबरमध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई, साष्टी आणि ठाणे हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे घेतले. मधल्या दोनशे वर्षांत पोर्तुगीज गलबतांतून आलेल्या रोपांनी आपल्या परसबागा भरून गेल्या. ज्या ‘बॉटल मसाल्या’चा ईस्ट इंडियन घरांना अभिमान, त्यातील मिरची मेक्सिकोची. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो तर नावासकट मेक्सिकोचा. त्याच्या नावाचा उगम नावात्ल भाषेत सापडतो. मकाही याच मार्गाने आला असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील मंदिरात मूर्तींच्या हाती मक्याचे कणीस आहे असा दावा १९८९ च्या सुमारास काही अमेरिकन अभ्यासकांनी केला होता, पण तो फारसा कोणी मान्य केलेला नाही.

मका आला, परंतु त्याच्याबरोबर चुन्याची रीत आली नाही. गलबतातून दाणे आले. ते रांधणारी बाई आली नाही. आम्हांस वाटते, या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. युरोपातील गरीब शेतकऱ्यांनी मका स्वीकारला, नुसता दळून त्याची लापशी केली, आणि तीवरच दिवस काढले. १७३५ साली स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने एका विचित्र रोगाची लक्षणे पाहिली: कातडी लाल होऊन सोलते, पोट बिघडते, शेवटी बुद्धी भ्रमिष्ट होते. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसे त्याने दगावली. तेथे जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ पासून सिद्ध करीत आणले की हा संसर्ग नव्हे, आहाराचा दोष आहे. १९३७ मध्ये नायसिन हे जीवनसत्त्व त्यावर गुणकारी ठरले. मक्यात ते जीवनसत्त्व असते, पण अशा रूपात बांधलेले की शरीराला ते घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात उकळल्यावर ते मोकळे होते. मेक्सिकोची अशिक्षित म्हणून हिणवलेली बाई जे पिढ्यान्‌पिढ्या करीत होती, ते युरोपच्या विद्वानांना कळायला दोनशे वर्षे लागली. आपल्याकडेही दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत हा रोग आढळला आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास त्याची कारणे शोधली. तांदूळ खाणाऱ्या आपल्या किनाऱ्याला या रोगाने त्रास दिला नाही.

मेक्सिको आणि आपला किनारा यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते, आणि ती जागा पाहून आम्ही स्वतः थक्क झालो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपल्या सर्वांना परिचित आहेत. पोर्तुगीज पिता आणि वसईची माता यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा जेझुइटांच्या हाताखाली शिकला, जपानला गेला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाला. त्या सव्वीस जणांत फेलिपे दे हेसुस नावाचा एक तरुण होता. तो मेक्सिको शहराचा. मनिलाहून धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी मायदेशी निघाला असता त्याचे जहाज वादळात सापडून १५९६ च्या ऑक्टोबरात जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि तो या हुतात्म्यांच्या मेळ्यात ओढला गेला. दोघांनाही पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. फेलिपे हे मेक्सिकोचे पहिले संत. क्योटोपासून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालविलेल्या त्या तांड्यात एकाचे बालपण तांदळाच्या मुलखात गेलेले होते, दुसऱ्याचे मक्याच्या. त्याच मनिलामार्गे, पंचवीसेक वर्षांनी, हिंदुस्थानात जन्मलेली आणि पोर्तुगीज चाच्यांनी पळवून गुलाम केलेली एक मुलगी मेक्सिकोतील पुएब्ला शहरात विकली गेली. बाप्तिस्म्यानंतर तिचे नाव कातारिना दे सान हुआन. १६८८ साली ती वारली तेव्हा पुएब्लाचे लोक तिला साध्वी मानीत होते.

म्हणून परकेपणाचा मुद्दा आम्ही फार ताणत नाही. उच्चनीचतेचा मुद्दा मात्र ताणावा लागेल, कारण भाकरीचे खरे नुकसान त्याने केले.

स्पेनचे लोक मेक्सिकोत आले ते गहू घेऊन. मिस्साबलीसाठी गव्हाचीच भाकर हवी हा ख्रिस्तसभेचा नियम आजही आहे, आणि त्याला धरून कोणी गहू पेरला तर त्यात वावगे काही नाही. परंतु वेदीवरील नियम जेवणाच्या ताटापर्यंत ओढण्यात आला. गव्हाचा पाव खाणारा तो सुसंस्कृत, मक्याची भाकरी खाणारा तो मागासलेला, अशी समजूत रुजली. साहागुन यांच्यासारखा सहृदय माणूसही नवख्रिस्ती लोकांना गव्हाकडे वळण्याचा उपदेश करी. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या मेक्सिकोच्याच राजकारणी लेखकाने तर मानवजातीचे तीन भाग पाडले: गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे. त्याच्या मते प्रगती केवळ पहिल्यांच्या नशिबी. वाचकहो, त्या यादीतील दुसरे म्हणजे आपण. बुल्नेस यांचे म्हणणे १९४० नंतरच्या आहारशास्त्रीय अभ्यासांनी निकालात काढले. चुन्यात शिजवलेल्या मक्याची भाकरी, सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ, हा आहार गव्हाहून उणा नाही असे दिसून आले. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्याकडे कोणी असा ग्रंथ लिहिला नाही. पण समजूत तीच होती. पाहुणा आला की भाकरी झाकायची आणि पाव आणायचा, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्यात रेशनच्या दुकानाने भर घातली. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागला आणि तांदळाच्या मुलखातील बायका चपाती लाटायला शिकल्या. १९७२ च्या दुष्काळात तर ‘मिलो’ नावाची तांबडी परदेशी ज्वारी वाट्याला आली. तिची चव ज्यांनी घेतली ते अजून विसरलेले नाहीत. एका पिढीत पोळपाट-लाटणे घरात प्रतिष्ठित झाले आणि काटवट माळ्यावर गेली. हातावरची भाकरी मागे पडली ती यंत्र येण्याच्या कितीतरी अगोदर, हे आजीच्या पक्षाने ध्यानी घ्यावे.

राहिला कष्टाचा प्रश्न. मेक्सिकोत पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी मक्याचे ओले वाटण करायला बाई पहाटेपासून पाच-सहा तास मेतातेपुढे गुडघ्यांवर बसून असे. थापणे व भाजणे निराळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी वाटणाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा पुष्कळ पुरुषांनी विरोध केला: गिरणीच्या वाटणाला लोखंडाचा वास येतो, बायका आळशी होतील, गिरणीच्या रांगेत उभ्या राहून कुटाळक्या करतील. ऑस्कर लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने तेपोस्त्लान या गावाचा वृत्तांत दिला आहे. तेथे १९२० नंतरच्या दशकात आलेली पहिली गिरणी पुरुषांच्या विरोधामुळे बंद पडली. थोड्याच वर्षांत दुसरी आली आणि बायकांनी ती टिकविली. पुढे १९४९ मध्ये त्या देशाच्या उत्तर भागात चुना-प्रक्रिया केलेल्या मक्याचे कोरडे पीठ विकणारा कारखाना निघाला. नुसते पाणी घालून मळायचे ते हे पीठ आज जगभर जाते. हातावर थापण्याची जागा दोन फळ्यांच्या दाबयंत्राने घेतली, प्रथम लाकडी, मग ओतीव लोखंडाच्या. आणि शहरांत त्यांचीही जागा स्वयंचलित यंत्रांनी घेतली. आता तेथील जाणकार म्हणतात की कारखान्याच्या पिठाने भाकरीचा सुगंध गेला. ज्यांनी दाबयंत्राला नावे ठेवली त्यांचेच नातू आज लाकडी दाबयंत्र मुद्दाम विकत घेऊन ‘घरची तोर्तिया’ करतात. काल ज्याला कृत्रिम म्हटले ते आज परंपरा म्हणून मिरवते.

आपल्याकडे मेतातेच्या जागी जाते होते. जात्यावर बसून बायकांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक जमविल्या. पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे, एके काळचे धर्मगुरू. पुढे भारताचे नागरिक झाले आणि २००४ मध्ये वारले. त्या ओव्यांचा ठेवा अमोल आहे यात शंका नाही. तरी त्या ओव्या जतन व्हाव्यात म्हणून कोणत्याही घरातील सुनेने पहाटे तीनला उठून दळावे असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. पिठाची चक्की आली तेव्हा आपल्या गावांत कोणी सुतक पाळले नाही. मग थापण्याच्या श्रमालाच तेवढे पावित्र्य का द्यावे?

हा प्रश्न आम्ही विचारला खरा, पण त्याचे उत्तर अगदी सरळ नाही. आमच्या किनाऱ्याला लाकडी दाबयंत्र काही नवे नव्हते. चकलीचा सोऱ्या घरोघर होता. दक्षिण कोकणात तांदळाच्या शिरवाळ्या पाडण्यासाठी ‘शेवगा’ नावाचा थोराड लाकडी साचा असे. त्यावर माणसाला सारा भार टाकावा लागे. उकड दाबून काढण्याची विद्या होती, सुतार होते, लाकूड होते. तरी भाकरीसाठी असे यंत्र कोणी केले नाही. याचे कारण भाकरीच्या आकारात आहे. मेक्सिकोची तोर्तिया बहुधा सहा इंच व्यासाची. तिचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. आपली नऊ इंची भाकरी सुमारे ६४ चौरस इंचांची, म्हणजे दुपटीहून मोठी. गोळा जितका पसरतो व पातळ होतो तितका त्याला आणखी दाबायला जोर लागतो. सहा इंचांपर्यंत दोन फळ्या आणि एक दांडा पुरतात. नऊ इंचांवर दांडा वाकतो वा बिजागरी उचकटते. हाताची बोटे मात्र एका वेळी थोड्याच भागावर जोर देतात आणि गोळा फिरवीत फिरवीत कितीही मोठी भाकरी करतात. शिवाय हाताला मध्यभाग किंचित जाड आणि कडा पातळ ठेवता येते. फळीला हे तारतम्य नाही.

तेव्हा लाकडी यंत्रावर तांदळाची भाकरी करायचीच, तर ती मेक्सिकोच्या मापाने, लहान करावी लागते. गोळा लिंबाएवढा घ्यावा. फळीला पीठ चिकटते, म्हणून दोन्ही बाजूंस काहीतरी घालावे लागते; तिकडे आणि इकडेही पुष्कळजणी प्लॅस्टिकची पिशवी कापून घालतात. आपल्याकडे केळीचे पान आहे. पानगी करणाऱ्या घरांना आणि हळदीच्या पानात पातोळ्या करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. बिजागरीकडील बाजू अधिक दबून पातळ होते, म्हणून एकदा हलके दाबून, गोळा पानासकट अर्धा फिरवून, पुन्हा दाबावे. एकदम सारा जोर देऊ नये. कडा फाटल्या तर उकड कोरडी, पानाला चिकटली तर ओली. मेक्सिकोच्या बाईची परीक्षाही हीच. लाकूड धुऊन उन्हात ठेवू नये, फळी वाकते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे.

या वादात एक गोष्ट कोणीच बोलत नाही, ती म्हणजे तांदूळ. बाळकुम उल्हास खाडीच्या काठी आहे, पलीकडे कशेळी. या काठच्या खारजमिनींना बांध घालून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढून, आपल्या पूर्वजांनी भात पिकविले. ठाणे-पनवेल पट्ट्यात ‘राता’ नावाचे तांबडे, जाड भात अशा जमिनीत तग धरी. त्याची भाकरी रंगाने तांबूस आणि चवीला गोड. सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर तिची जोडी. १९६० च्या सुमारास कोलशेत रस्त्याने रासायनिक कारखाने उभे राहिले. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली, तेव्हा आसपासची गावे तिच्यात आली. मग कारखान्यांच्याही जागी तीस-तीस मजली इमारती आल्या. शेताचे बांध कोठे होते हे आता वडीलधाऱ्यांनी हात दाखवून सांगावे लागते. बाळकुमच्या घरात आज दळले जाणारे तांदूळ वाडा, मुरबाडकडचे, किंवा दुकानात जे मिळतात ते. २०२१ मध्ये वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले, ते चांगलेच झाले. पण तो भाताचा तांदूळ, बारीक आणि मऊ. भाकरीला जाडा, जुना तांदूळ लागतो. नव्या, फार पॉलिश केलेल्या तांदळाच्या पिठाची भाकरी हातावर थापा वा फळीत दाबा, ती फाटते. आजी सुनेच्या यंत्राला दोष देते, सून आपल्या हाताला. दोष असतो पिठाचा.

मेक्सिकोत हीच लढाई उघडपणे चालली आहे. तेथील शेतकरी आणि स्वयंपाकिणी ‘मका नाही तर देश नाही’ अशा अर्थाची घोषणा घेऊन २००७ पासून गावठी बियाण्यांसाठी झगडत आहेत. निळा, तांबडा, पिवळा, पांढरा असे मक्याचे कितीतरी गावठी वाण त्यांनी शेतांत जिवंत ठेवले आहेत. तोर्तिया हातावर थापलेली की फळीत दाबलेली, हा प्रश्न त्या चळवळीच्या दृष्टीने गौण आहे. दाणे कोणाच्या शेतातले, हा पहिला.

आमच्या सणांच्या दिवशी पुष्कळ घरांत अजून उकड निघते. अशा घरांनी या वर्षी एवढे करून पाहावे: जेथे खारजमिनीत भात अजून होते तेथून, पनवेल-पेणकडून म्हणा वा भिवंडीपलीकडून, दहा किलो जाडे तांबडे तांदूळ आणावेत, धुऊन सावलीत वाळवावेत आणि चक्कीवाल्याला सांगून गव्हाच्या दळणानंतर लगेच न टाकता तांदळाच्याच घाण्यावर दळून घ्यावेत. आजीने चार भाकऱ्या हातावर थापाव्या, सुनेने चार केळीच्या पानात दाबाव्या, आणि आठही एकाच टोपलीत, एकाच फडक्याखाली ठेवाव्या.